दुपट्ट्याखाली दिलेला शब्द

आमच्या गावात आज जिथं बसस्टँड आहे, तिथं पूर्वी बैलबाजार भरायचा. हे मी भेटेल त्याला सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. घरातली माणसं आता हा विषय निघाला की उठून जातात. बायको तेवढी बसून राहते आणि म्हणते, "झालं सुरू. आता जेवण थंडं होते." तिचं चुकत नाही. एकच गोष्ट माणसानं किती वर्षं ऐकावी? म्हणून या वेळी लिहूनच ठेवतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

हिंगणघाट सोडून गिरडच्या अंगाला निघालं की आमचं गाव लागतं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. त्यातली काही अजून आहेत, आणि जी गेली त्यांची मुलं रस्त्यात रामराम करतात.

मी बैलांचा दलाल. बापाकडे ना शेत होतं ना गोठा. तरुणपणी मी दुसऱ्यांचे बैल या बाजारातून त्या बाजारात पायी हाकत न्यायचो. हाकता हाकता बैल ओळखायला शिकलो. चालीवरून, दातांवरून, बसलेला बैल उठताना अंग कसं सावरतो त्यावरून. पुढं दलालांच्या घोळक्यात उभं राहण्याची हिंमत आली, आणि आणखी काही वर्षांनी त्या घोळक्याचा म्होरक्या झालो. मला कुणी वर ओढलं नाही. तोंड फटकळ आणि राग नाकावर, त्यामुळे खाली ओढायला मात्र बरेच जण होते.

बाजार सोमवारचा. रस्त्याला लागून सरकारी जागा, कडुनिंबांची जुनी दाट रांग, एका अंगाला विहीर आणि तिला लागून दगडी हौद. मागून नाला वाहायचा, होळीपर्यंत त्याला पाणी असायचं. सकाळी दव सुकायच्या आत पांढऱ्या गवळाऊ जातीच्या बैलजोड्या निंबाखाली उभ्या राहायच्या, आणि लांबून पाहिलं तर धोब्यानं कपडे वाळत घातल्यासारखं दिसायचं. दुरून चालून आलेलं जनावर सावलीत उभं राहिलं आणि पोटभर पाणी प्यालं, की तासाभरात त्याची कातडी चमकते. भाव त्या चमकेचा असतो. जागा म्हणजे आमच्यासाठी काय होती, हे त्यावरून कळावं.

सौदा दुपट्ट्याखाली व्हायचा. खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकायचा, आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगायचा. घेणाऱ्याचा हात वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, मधे दलाल. तोंडानं आम्ही पाऊसपाण्याचं, लग्नाकार्याचं बोलत असायचो. शेजारी उभ्या असलेल्याला काय भाव ठरला ते कळता कामा नये, नाहीतर पुढची जोडी विकायची कशी? शेवटी तळहातावर थाप पडली की सौदा पक्का. पावती नंतर फाटायची. थाप मारून मागं फिरणारी माणसं मी माझ्या आयुष्यात फार थोडी पाहिली, कारण अशा माणसासाठी आमच्यापासून आंजीच्या बाजारापर्यंत एकही दलाल पुन्हा दुपट्टा काढत नसे.

दलाल हा माणूस गावोगाव गोठ्यात शिरतो. जो गोठ्यात शिरला त्याला घरातलं सगळं कळतं. कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, हे आम्हाला पाठ. निवडणुका आल्या की पक्षांना आमची आठवण यायची ती यामुळं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सत्तेतल्या पक्षानं आमच्याकडे आमदारकीला एक नवा उमेदवार दिला. वर्ध्याला वकिली करायचा, बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे. आम्ही त्याला वकीलसाहेब म्हणायचो. तो सोमवारी बाजारात आला आणि निंबाखाली खुर्चीवर चढून भाषण करायला लागला. बैल बुजायला लागले. मी पुढं झालो.

"साहेब, उतरा खाली. भाषण बैलबी ऐकत नाईत अन् दलालबी ऐकत नाईत."

"मंग काय करू?" तो हसत म्हणाला. हसणं त्याला चांगलं जमायचं.

"हात द्या. सौदा करू."

मी दुपट्टा काढला. भोवती माणसं गोळा झाली. कुणीतरी ओरडलं, "वकीलसाहेब, हात बाहेर काढल्यावर बोटं मोजून घेजा!" सगळे खदखदून हसले. मी त्याचा हात धरला. मऊ हात, पण पकड होती. त्याच्या कानाशी लागून म्हटलं, "ही जागा हलली नाई पाह्यजे. तुमी निवडून असेपर्यंत कोणी इले हात लावाचा नाई."

त्या वर्षी जागेबद्दल कुजबुज होतीच. कुणी म्हणायचं इथं गोदाम होणार, कुणी म्हणायचं शाळा. मला पक्कं करून घ्यायचं होतं.

"अन् मले काय?" त्यानंही कानातच विचारलं.

मी त्याची बोटं एकामागून एक दाबली. प्रत्येक बोट म्हणजे नाल्यापलीकडचं एक गाव. हाताची बोटं संपली तेव्हा म्हटलं, "आता पायाची द्या." तो हसला आणि त्यानं माझ्या तळहातावर थाप मारली. आवाज भोवतीच्या सगळ्यांनी ऐकला. शब्द फक्त आम्हा दोघांना माहीत.

आता ही गावं आणायची कशी? नाल्यापलीकडे टेकड्यांच्या अंगाला रस्ता कच्चा, पावसाळ्यात तर नुसता चिखलगारा. तिथल्या एका गावचा सरपंच माझा जुना गिऱ्हाईक आणि मित्रच. त्याच्या गोठ्यातली प्रत्येक जोडी मी दिलेली. तो म्हणाला, "मत देऊ गड्या, पण गाडी पाह्यजे. गाडी गावात आली पाह्यजे." बाकीच्या गावांतही तेच. रस्ता आणि बस, बस आणि रस्ता. मी वकीलसाहेबाला निरोप दिला की बसचं बोला. तो बोलला. तो जिथं पोचला नाही तिथं त्याच्या वतीनं मी बोललो. गोठ्यात बसून, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं, बस येईल. मी सांगितलं म्हणून लोकांनी ऐकलं. यात मी काही चुकीचं केलं असं मला आजही वाटत नाही. लोकांना बस पाहिजे होती, मला जागा पाहिजे होती, त्याला खुर्ची पाहिजे होती.

तो निवडून आला. नाल्यापलीकडच्या मतांनीच आला, हे त्याच्या माणसांनी पेढे वाटताना माझ्यासमोर कबूल केलं.

आणि बस खरंच आली. वेळ लागला, पण रस्त्यावर मुरूम पडला, नाल्यावर पूल झाला, आणि एका सकाळी हिंगणघाटहून गाडी आली. तिला हार घातले, चाकाखाली नारळ फोडला. मी दारातल्या पायरीवर उभा राहून शेवटच्या गावापर्यंत गेलो. सरपंचानं वाजंत्री लावली होती. मला खांद्यावर घेतलं. माझ्या आयुष्यात मला खांद्यावर घेतल्याचा तो एकच दिवस.

भानगड पुढं सुरू झाली. बस आमच्या गावात यायची, पण तिला उभं राहायला जागा नव्हती आणि वळायलाही नव्हती. ती रस्त्यावरच उभी राहायची. सोमवारी रस्त्यावर बैलगाड्या, बैल, माणसं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, बैल दावं तोडायचे. एकदा एक बुजलेला गोऱ्हा बसच्या पुढच्या काचेवरच गेला. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवशी ड्रायव्हर खाली उतरून माझ्या अंगावर आला आणि मी त्याच्या अंगावर गेलो. लोकांनी सोडवलं. मग वरून कागद आला म्हणे, की स्टँडला जागा द्या, नाहीतर गाड्या बंद.

जागा कोणती दिली ते मला कुणी सांगितलं नाही. एका सोमवारी ऐन बाजारात मोजणीची माणसं साखळी घेऊन आली. त्यांनी बैलांच्या पायांमधून चुन्याची पांढरी रेघ ओढत नेली. निंबाच्या बुंध्यावर खुणा केल्या. मी विचारलं, "हे काय चालू आहे?" त्यातला एक जण मान वर न करता म्हणाला, "स्टँड."

मी दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला गेलो. त्याच बसनं गेलो, दुसरं काय होतं? वकीलसाहेबाच्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसलेली असायची. कुणाला नोकरी पाहिजे, कुणाला बदली, कुणाला रस्त्यावर डांबर. माझा नंबर आला. त्यानं चहा मागवला.

"बसा दलाल. मले माहीत आहे तुमी कायले आले ते."

"मंग सांगा."

"जागा तुमची गेली. जाणारच होती. दुसरी नाई."

"काऊन नाई? रस्त्यालेच लागून आपल्या गावच्या मालगुजाराचं, त्या जमीनदाराचं वावर पडीत पडून आहे. ते घ्या."

"ते घ्याचं म्हणजे पैसे देऊन घ्या लागते. नोटीस, सुनावणी, कोर्ट. मी वकील आहे, मले नोका शिकवू. स्टँडची मंजुरी मार्चपर्यंत आहे. मार्चमधे वापरली नाई तर पैसा वापस जाते, अन् पुढच्या साली तो दुसऱ्या तालुक्यात जाते. तुमची जागा सरकारी आहे. उद्या कुदळ मारता येते."

"तो मालगुजार तुमच्या पक्षाले मदत करते म्हणून त्याचं वावर दिसून नाई राह्यलं तुमाले?"

तो रागावला नाही. हेच त्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. तो म्हणाला, "करते मदत. पण तो नसता तरी मी तुमचीच जागा घेतली असती. दलाल, नाल्यापलीकडच्या गावाइले म्या बस दिली. तुमीच द्याले लावली. आता स्टँड नाई म्हणून बस बंद झाली, तर तेथून लोक माह्याकडे येतीन का तुमच्याकडे?"

"माह्या हातावर थाप मारली होती तुमी. दुपट्ट्याखाली."

तो टेबलावरून पुढं वाकला. मग हळू आवाजात, मागच्या माणसांना ऐकू जाऊ नये असा, म्हणाला, "तुमीच शिकवलं ना, दुपट्ट्याखालचं बाहेर सांगाचं नसते? मंग आता कायले सांगता?"

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी अंगणात भिरकावली. मग खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याच्या टेबलावर फेकला. "हा ठेवा तुमच्यापाशी. तुमाले जास्त कामी येते." ओसरीवरची माणसं उभी राहिली. एक जण माझ्या दंडाला धरायला आला, त्याला वकीलसाहेबानंच हातानं थांबवलं.

"बसा," तो म्हणाला. "रागावून बाजार नाई चालत. तुमीच म्हणता."

मी बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो, कारण दलालाचं रक्त. सौदा मोडला तरी जितकं वाचवता येईल तितकं वाचवायचं. मी त्याच्याकडून नाल्यापलीकडची बरड जागा बाजारासाठी काढली, तिथं हौद बांधून देण्याचं काढलं, झाडं लावण्याचं काढलं. या वेळी कागदावर. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "मत मागतो तेव्हा मी तुमचा असतो, दलाल. निवडून आलो की ज्यानं मत नाई दिलं त्याचाही व्हा लागते." वाक्य चांगलं होतं. मालगुजारानं मत त्यालाच दिलं होतं हे मला माहीत होतं, म्हणून मला ते तेव्हाही पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

दुपट्टा तिथंच राहिला. मागायला तोंड नव्हतं.

मी एवढ्यावर सोडणारा नव्हतो. ठरवलं, मोर्चा न्यायचा. सगळ्या गावांचे बैल घेऊन कचेरीवर जायचं, म्हणजे सरकारला कळेल. पहिला गेलो सरपंचाकडे. तो गोठ्यात कडबा टाकत होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि कडबा टाकतच राहिला.

"बोल ना," मी म्हटलं.

"मी येत नाई."

"काऊन?"

"माही पोरगी नर्सचं शिकून राह्यली. रोज जाते, रोज येते. बस बंद झाली तर घरी बसन, अन् घरी बसली की लगन करा लागन. तुहा बाजार आठ दिवसातून एक दिवस. तिची बस रोज."

"बस बंद करा म्हणून कोण म्हणते बे? जागा दुसरी घ्या म्हणतो."

"तोपर्यंत बस बंदच ना?"

मी त्याला बरंच बोललो. तुला खांद्यावर घ्यायला मी बरा होतो, आता नाही का. तुझा गोठा मी भरला.  मग त्यानं गोठ्यातल्या जोडीकडे बोट केलं.

"ही तू देली. या गोठ्यात इतकी चांगली जोडी कधी आली नाई. वारा होता पायात. माही वहिनी बाळंतपणात अडली तेव्हा याच जोडीवर छकडा जुपला. पावसाळा होता. म्या सोता हाकली. हिंगणघाट दिसाले लागलं होतं." त्यानं जोडीपुढं कडब्याची पेंढी टाकली. "जोडीचा काई दोष नाई. जोडी चांगलीच आहे."

 ती वहिनी गेली हे मला माहीत होतं, मी तेराव्याला जेवलो होतो. कोणत्या जोडीवर, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी आलो. मोर्चा निघाला नाही. बाकीच्या गावांत मी गेलोच नाही.

निंब तोडले ते मी पाहायला गेलो नाही. बायको जाऊन आली. म्हणाली, "मुळं लय खोल होती. दोन दिवस लागले." एवढंच म्हणाली, आणि चुलीपाशी बसली.

नवी जागा बरडाची. चुनखडी आणि खडे. सावली नाही. हौद बांधला, कागदाप्रमाणे बांधला, पण कागदावर हौद लिहिला होता, पाणी लिहिलं नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि आमच्या बाजारात हौद म्हटल्यावर कुणाच्याच ध्यानात आलं नसतं. पाण्याची योजना वेगळ्या खात्याची, म्हणून सांगितलं. झाडं लावली ती शेळ्यांनी खाल्ली. नाला फेब्रुवारीतच आटायला लागला होता. दुरून आलेले बैल उन्हात जिभा काढून उभे राहायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यांची कातडी चमकायची नाही. भाव पडले. काही दलाल दुसऱ्या बाजारांना लागले.

पुढच्या निवडणुकीत मी दुसऱ्या पक्षाकडे गेलो. त्यांचा उमेदवार शाळेत मास्तर होता, नोकरी सोडून राजकारणात आलेला. फाटका माणूस, आवाज मोठा. या वेळी मी दुपट्टा वगैरे काही केलं नाही. सरळ म्हटलं, लाउडस्पीकरवर बोला. मास्तर हातगाडीवर उभे राहून बोलले, "शेतकऱ्यांचा बाजार यांनी मोटारवाल्यांना विकला! आम्ही बाजार परत त्याच जागी आणू!" टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. मी पुन्हा गोठ्यागोठ्यांतून फिरलो. दशक संपत आलं होतं, लोक सत्तेवरच्यांना कंटाळले होते, आणि आमच्याकडे वकीलसाहेब पडला. पडला त्या दिवशी मी गुलाल उधळला नाही, नुसती जिरवल्याची चव घेतली. फार वेळ राहिली नाही ती.

मास्तर आमदार झाले. चांगले दोन पावसाळे गेले. मी जायचो, ते म्हणायचे, "बघतो." मग एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. स्टँडवरच. तोपर्यंत तिथं शेड झाली होती, चहाची टपरी झाली होती, फळवाल्या बाया बसत होत्या. शाळा-कॉलेजच्या पोरी पुस्तकं छातीशी धरून उभ्या होत्या. मास्तर मला बाकड्यावर घेऊन बसले.

"सांगा दलाल, हे मी उचलून कुठे टाकू?"

"तुमी बोलले होते. लाउडस्पीकरवर."

"बोललो. विरोधात होतो तेव्हा बोललो. तेव्हा मले वाटलं होतं सही केली का झालं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इथं आल्यावर दिसून राह्यलं का जे कराचं ते आधीच कोणीतरी करून ठेवलं आहे, अन् त्याच्यावर दुसरं कोणी बसलं आहे. त्याले उठवा लागते. उठवलं का तो पुढच्या खेपेले मले उठवते."

"हेच तो वकील म्हणे."

"वकील हुशार होता," मास्तर म्हणाले. "ते मले आता समजलं."

मला राग आला पाहिजे होता. आला नाही. थकवा आला. मी म्हटलं, "बरं, पाणी तरी द्या." हे ऐकून मास्तरांचा चेहरा उजळला, कारण पाणी देता येण्यासारखं होतं. उन्हाळ्याच्या आत बरडावर हापसा आला. हौदाला लागून, खोल बोअर, गोड पाणी. मी स्वतः पहिला हापसला. त्या वर्षी बाजार पुन्हा थोडा भरला. जुने दोन दलाल परत आले. मला वाटलं, जागा गेली तरी बाजार राहिला.

त्याच सुमारास मास्तरांच्या सरकारनं घरकुलं दिली. गावात शेतमजुरांची एक वस्ती होती, बहुतेक बौद्ध कुटुंबं, वर्षानुवर्षं नाल्याच्या पुरात राहणारी. त्यांना जागा पाहिजे होती, आणि सरकारी बरड कुठं होतं? आमच्या बाजाराला लागून. घरं झाली, रंग दिले, वस्तीवर झेंडा लागला. पाण्याचं घरकुलांच्या कागदावर काही नव्हतं. हापसा समोरच होता.

पहिल्या वर्षी निभलं. दुसऱ्या उन्हाळ्यात हापशाची धार करंगळीएवढी झाली. वस्तीतल्या बायांची रांग पहाटेपासून. सोमवारी तहानलेले बैल आणि त्यांचे मालक दुसऱ्या बाजूनं. बाजार कमिटीचा म्होरक्या मी, म्हणून दोन्हीकडचे माझ्याकडे. शेतकरी म्हणाले, "दलाल, हापसा बाजारासाठी आला होता. तुमीच आणला. बाया हटवा." मी म्हटलं, हो, सोमवारी बैल आधी. मग वस्तीतली एक वयस्क बाई आली, तिचं सगळी वस्ती ऐकायची. तिनं डोक्यावरची घागर खालीच ठेवली नाही.

"भाऊ, लेकरं उपाशी राह्यलं तर रडते, तहानलं राह्यलं तर रडतबी नाई. सोमवारचं पानी आमी कोठून आणाचं?"

मी म्हटलं, हो बाई, सोमवारीबी तुमी आधी.

दोघांनाही हो म्हणालो. एकाच सकाळी, एकाच जागी उभं राहून. दुसरं काय म्हणणार होतो? सोमवार आला तेव्हा हापशापाशी घागरी आणि शिंगं एकत्र. दांडा कुणाच्याच हातात राहीना. एका बैलानं घागर चेपली, एका बाईनं मालकाला शिवी दिली, मालकानं जातीवरून काहीतरी तोंडातून काढलं. तिथं मात्र माझा जुना राग सगळा वर आला. मी त्या मालकाची गचांडी धरली आणि त्याला बाजाराबाहेर काढला. त्याच्यामागं त्याच्या गावचे चार-सहा जण निघाले. त्यांच्या जोड्या त्या दिवशीच्या सगळ्यांत चांगल्या जोड्या होत्या.

मग वयस्क बाई माझ्यासमोर उभी राहिली. ती भांडायला आलेली नव्हती. "तुमी दोघाइले सांगतलं होतं ना, भाऊ?" ती म्हणाली. "आमाले मालूम होतं. पुढारी सांगतेच तसं. तुमच्याबद्दल नोतं वाटलं." आणि तिनं हापशाचा दांडा माझ्या हातात दिला. म्हणाली, "आता तुमीच सांगा, पहिलं कोण."

मी दांडा धरून उभा राहिलो. ऊन चढलं होतं. एकीकडे घागरी, दुसरीकडे बैल, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी शेतकऱ्यांकडे वळून म्हटलं, "बैल हिंगणघाटले न्या. इथं आता बाजार भरत नाई."

कुणाला खरं वाटलं नाही. एक म्हातारा दलाल म्हणाला, "रागात बोलून राह्यला. जेवून घे, मंग सांग." मी जेवलो नाही आणि बोललो तेही मागं घेतलं नाही. पुढच्या सोमवारी थोड्या जोड्या आल्या, त्याच्या पुढच्या सोमवारी कुणी नाही. बाजार असाच मोडतो. तो मोडल्याचा कुठं शिक्का बसत नाही.

पुढच्या निवडणुकीत मास्तरांची सभा वस्तीतच झाली, हापशाजवळ. मी मागं उभा होतो. मास्तर म्हणाले, "ज्या माळावर प्यायला थेंब नव्हता, तिथं आम्ही पाणी आणलं." टाळ्या पडल्या. ती वयस्क बाई पुढच्या रांगेत बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. पाणी आलं होतं, हे खरं होतं. कुणी आणलं याच्याशी तिला काय करायचं? मग मास्तरांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला हात करून स्टेजवर बोलावलं, बहुधा हार घालायला.

मी तोंड फिरवलं आणि घराकडे निघालो. पाठीमागून लाउडस्पीकरवर माझं नाव ऐकू येत राहिलं, पार नाल्याच्या पुलापर्यंत.